शून्य रुंदीचं पॅनेल

ताईला राग पटकन येतो यात नवल नाही, नवल आहे ते तो जात नाही याचं. तिचा नवरा पाहुण्यांना सांगतो, "आमच्याकडे दोन गोष्टी कायमच्या आहेत. न्हाणीघराच्या भिंतीतली ओल आणि हिचा राग. कितीही रंग मारा, महिन्याभरात वर येतात." पाहुणे हसतात. ताई हसत नाही.

लहानपणी गल्लीतल्या एका दांडगटाने तिच्या धाकट्या भावाला सायकलवरून ढकललं होतं. गुडघा फुटला, पोरगं रडत घरी आलं. ताईने त्या दांडगटाला शिवी दिली नाही की ढकललं नाही. त्याच्याशी चांगली गोड गोड बोलायला लागली. मग त्याच्या परीक्षेच्या सकाळी त्याच्या सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा गेली. तो बिचारा पंप शोधत धावत आला तेव्हा दारात ताईच उभी होती. तिने त्याला अगदी काळजीने पत्ता सांगितला, बरोबर उलट्या दिशेचा. असली ही बाई. आता चाळिशी उलटली, चष्म्याचा नंबर वाढला, जिना चढताना गुडघा कुरकुरतो, पण स्वभाव तोच. आणि सगळं जग तिला ताईच म्हणतं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. तिच्यापुढे दुसरं काही म्हणायची छाती होत नाही म्हणा ना.

धंद्याने ताई प्रोग्रामर. जावा भाषेत डेस्कटॉपवरचे प्रोग्राम लिहिते. डावीकडे यादी, उजवीकडे माहितीचं पॅनेल, आणि मधे माउसने धरून इकडेतिकडे सरकवता येणारी एक रेघ, अशा खिडक्या तुम्ही दवाखान्यात नाहीतर बँकेत काउंटरपलीकडे पाहिल्या असतील. रेघ सरकवली की एक पॅनेल फुगतं, दुसरं आक्रसतं. बटण दाबलं की पॅनेल गायब, पुन्हा दाबलं की हजर. त्यात काय एवढं, असं कुणी म्हणालं की ताई म्हणते, "लपवता कुणालाही येतं. परत जागेवर आणून दाखवा, मग बोला."

धाकटा भाऊ तिच्या अगदी उलट. मुंगी पायाखाली आली तर थांबून माफी मागणारा. तो एका मोठ्या हॉस्पिटलच्या औषधांच्या काउंटरवर बसायचा. चिठ्ठी घ्यायची, प्रोग्राममध्ये औषधं भरायची, उजवीकडच्या पॅनेलकडे बघायचं. दोन औषधं एकमेकांशी जमणारी नसली तर तिथे लाल अक्षरांत इशारा येतो. इशारा नसेल तर औषध द्यायचं, गोळी जेवणाआधी की नंतर ते दोनदा सांगायचं, आणि पुढच्या माणसाला "या काका" म्हणायचं. रांगेतल्या म्हाताऱ्या दुसरी खिडकी मोकळी असली तरी त्याच्याच खिडकीवर उभ्या राहायच्या.

एके दिवशी त्याच्या खिडकीवरचं मशीन दुरुस्तीला गेलं. त्याला कोपऱ्यातल्या खिडकीवर बसवलं. तिथला मॉनिटर जुना आणि लहानसा. त्याने आपल्या नावाने प्रोग्राम उघडला तर उजवीकडचं इशाऱ्यांचं पॅनेल दिसेना. पॅनेल दाखवायचं बटण दाबलं. बटण हिरवं झालं, पॅनेल काही आलं नाही. पुन्हा दाबलं, राखाडी. पुन्हा दाबलं, हिरवं. समोर रांग वाढत चाललेली. त्याने शहाण्या माणसासारखा सॉफ्टवेअर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "बटण हिरवं आहे ना? मग पॅनेल चालू आहे. इशारा असेल तर दिसेल, नसेल तर नाही दिसणार. सोपं आहे हो." धाकट्याने विश्वास ठेवला. ज्याने प्रोग्राम केला त्याचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण नाही ठेवणार?

दुपारी एक आजी आल्या. एका डॉक्टरने रक्त पातळ करणारी गोळी लिहिलेली, दुसऱ्याने गुडघ्यासाठी वेदनाशामक. या दोन गोळ्या एका पोटात गेल्या की आतून रक्तस्राव होऊ शकतो. पडद्यावर काही दिसलं नाही. धाकट्याने दोन्ही दिल्या, जेवणानंतर घ्या म्हणून दोनदा सांगितलं. आजी मरणाच्या दारात जाऊन आल्या. नशीब बलवत्तर म्हणून परत आल्या.

चौकशी बसली. हॉस्पिटलांच्या मंडळाच्या मुख्य फार्मासिस्ट बाई अध्यक्ष. सॉफ्टवेअर कंपनीचे मालक, ज्यांना सगळे नुसते साहेब म्हणत, इस्त्रीचा कोट घालून हजर. ते म्हणाले, "प्रोग्राम खोटं बोलत नाही. त्या वेळी पॅनेल दिसत होतं, असं मशीन सांगतंय. माणसाने बघायला नको? डोळे उघडे ठेवून काम करायचं असतं हो." फोनचं विचारलं तर म्हणाले, असा फोन आल्याचं आमच्या माणसाला आठवत नाही. धाकटा एवढंच म्हणत राहिला, "नव्हतं हो दिसत. खरंच नव्हतं." एका बाजूला कोट घातलेला माणूस आणि मशीन, दुसऱ्या बाजूला हे रडवेलं पोर. निकाल काय लागणार ते चौकशीच्या आधीच ठरलं होतं. त्याची नोकरी गेली, परवाना निलंबित झाला, आणि ज्या म्हाताऱ्या त्याच्या खिडकीवर उभ्या राहायच्या त्यांच्या पोरी त्याला रस्त्यात बघून तोंड फिरवायला लागल्या.

हे सगळं ताईने कसंबसं गिळलं असतं. पण एका संध्याकाळी ती माहेरी गेली तर आई जिन्यातच भेटली. डोळे पुसत म्हणाली, "अगं, तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. तीनदा. डॉक्टर म्हणतात काही नाही झालेलं, हा म्हणतो पुन्हा तपासा." ताई आत गेली. धाकटा खुर्चीत बसून भिंतीवरच्या कॅलेंडरची बारीक अक्षरं वाचत होता, एक डोळा झाकून.

"ताई," तो म्हणाला, "असेल का गं ते तिथे? असेल तिथे आणि मलाच दिसलं नसेल?"

आता सांगा, नोकरी गेली ती मिळते. पण माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला तर तो कुठल्या दुकानात मिळतो? ताई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि तिच्या मनात त्या कोटवाल्या माणसाचा गळा होता. त्याच दिवशी तिने डूख धरला. नुसता निकाल फिरवायचा नाही. त्या माणसाला भर सभेत, स्वतःच्याच मशीनपुढे आंधळा करून उभा करायचा.

रविवारी तिने घरी टेबलावर मशीन उघडलं. नवरा म्हणाला, "आज तरी सुट्टी घे." ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो भाजी आणायला निघून गेला. तिने एक छोटीशी खिडकी लिहिली. दोन पॅनेलं, मधे सरकती रेघ. रेघ धरून उजव्या कडेला नेऊन टेकवली. उजवं पॅनेल चेंगरून नाहीसं झालं. मग तिने प्रोग्रामकडून त्या पॅनेलला विचारलं, दिसतंस का? उत्तर आलं, हो. रुंदी किती? शून्य.

ताई खुर्चीत मागे टेकली. जावाच्या लेखी लपवणं वेगळं आणि चेंगरणं वेगळं. तुम्ही स्वतः लपवलंत तरच ते पॅनेल लपलेलं. नाहीतर रुंदी शून्य झाली, त्यातलं अक्षर माणसाला दिसेनासं झालं, तरी ते आपलं म्हणत राहतं, मी आहे. दिसतंस का एवढं विचारून पुढे जायचं आणि रुंदी विचारायची नाही, ही चूक पॅनेलं लिहिणाराच करू जाणे. दुसरा कुणी असता तर त्याने सरळ पडद्याकडे बघितलं असतं.

तिने चौकशीच्या बाईंना फोन करून हे सांगितलं. बाई रूक्ष होत्या पण वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "हे तुमच्या घरच्या प्रोग्राममध्ये झालं. त्यांच्या प्रोग्राममध्ये हेच झालं, याला पुरावा काय?"

बरोबरच होतं. पुरावा साहेबांच्या कंपनीत होता. म्हणून ताईने आपली चांगली नोकरी सोडली आणि तिथे अर्ज केला. सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. जुनं जावा येणारी माणसं हल्ली मिळत नाहीत. साहेबांनी तिला आनंदाने ठेवून घेतलं. नवरा म्हणाला, "शत्रूच्या घरात नोकरी? वेड लागलंय तुला." ताई म्हणाली, "डबा भरून दे."

साहेब दिसायला कसे? ढेरी नाही, केस रंगवलेले, हसणं भरघोस. सगळ्यांच्या पाठीवर थाप मारायचे. कामात कच्चे नव्हते, पण कामाहून विकण्यात पक्के. हेल्पलाइनवर बसणारा तो माणूस, ज्याने धाकट्याला बटणाचं सांगितलं होतं, तोही तिथेच होता. मधल्या वयाचा, खांदे पडलेला, तीन पोरींचा बाप. ताईने पहिल्या दिवशीच त्याचा आवाज ऐकला, "बटण हिरवं आहे ना?" आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. पण ती म्हणाली, "नमस्कार. मी नवीन." उट्टं काढायचं तर आधी तोंड बंद ठेवता यायला हवं.

महिने गेले. ताईने मान मोडून काम केलं. साहेब तिला सगळ्यांसमोर "आमची ताई म्हणजे सोनं" म्हणायला लागले, आणि ती मान खाली घालून दात आवळायची. औषधांच्या काउंटरच्या पडद्याचं काम शेवटी तिच्याकडे आलं. उघडून बघते तर काय! प्रोग्राम रेघेची जागा माणसाच्या नावाने लक्षात ठेवायचा, पण डाव्या कडेपासून पडद्यावरचे किती ठिपके सोडून ती आहे, एवढंच. मोठ्या मॉनिटरवर रेघ जिथे असायची ती जागा लहान मॉनिटरवर पडद्याच्या बाहेर पडायची. मग रेघ उजव्या कडेला जाऊन चिकटायची आणि पॅनेलला रुंदी उरायची शून्य. एरवी पॅनेलला किमान रुंदी दिलेली असते, त्याच्या खाली ते चेंगरत नाही. इथे कुणीतरी ती किमान रुंदीच शून्य करून ठेवली होती. आणि बटण? ते आपलं "दिसतंस का" एवढंच विचारून हिरवं व्हायचं. म्हणजे धाकट्याने काही सरकवलं नव्हतं, काही मिटलं नव्हतं. तो फक्त एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाऊन बसला होता.

त्याच दिवशी चहाच्या वेळी तिने साहेबांना सहज आवाजात सांगितलं, "साहेब, लहान मॉनिटरवर इशाऱ्यांचं पॅनेल परत येत नाही."

साहेब टेबलाच्या कोपऱ्यावर बसून चहा फुंकत होते. मोठ्याने हसले. "अहो ताई, ते जुनं दुखणं. मला ठाऊक आहे. एका गिऱ्हाईकाला यादी पूर्ण पडदाभर हवी होती, तेव्हा मीच किमान रुंदी काढायला लावली. विकायचं म्हटलं की थोडं इकडेतिकडे होतंच."

"मग हॉस्पिटलांना कळवलं नाहीत?"

"एकाला कळवलं की सगळे दारात येतात. एकदा आलं होतं प्रकरण अंगाशी. पण तिथल्या काउंटरवर एक मऊ पोरगा होता. त्याच्या डोक्यावर घातलं, बसला गप्प." साहेबांनी चहाचा घोट घेतला. "अशी माणसं असतात म्हणून धंदे चालतात, ताई."

हेल्पलाइनवाल्याने कप खाली ठेवला आणि कीबोर्डकडे बघत बसला. बाकीच्यांनी बिस्किटं पुढे ओढली. ताईला वाटलं, हातातला चहा या माणसाच्या रंगवलेल्या केसांवर ओतावा.

"आणखी घेता चहा, साहेब?" ती म्हणाली, आणि तिने स्वतः उठून त्यांना ओतून दिला.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. पहिलं काम पॅनेल दुरुस्त करणं. किमान रुंदी परत दिली. रेघेची जागा ठिपक्यांत नाही, पडद्याच्या हिश्शात लक्षात ठेवायला लावली. बटण पॅनेलला खरोखर रुंदी असेल तरच हिरवं. "छोटीशी सुधारणा" म्हणून ते सगळ्या हॉस्पिटलांना धाडून दिलं. सूड साहेबांवर उगवायचा होता, रांगेतल्या म्हाताऱ्यांवर नाही.

एकच मशीन राहिलं, साहेबांचा स्वतःचा लॅपटॉप. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. माल दाखवायला जाणाऱ्या लोकांचा एक नेमच असतो, डेमोच्या आधी मशीनमध्ये काही बदलायचं नाही, बदललं की घात होतो. ताईने तरी विचारलं, "साहेब, तुमच्या लॅपटॉपवर नवीन घालू?" साहेब म्हणाले, "चालत्या गाडीला हात लावू नका." ताई म्हणाली, "बरं." बघा हं, तिने विचारलं होतं. नंतर कुणी तिला म्हणू शकलं नसतं की तू सांगितलं नाहीस.

मोठा डेमो ठरला तो हॉस्पिटलांच्या मंडळापुढे. सगळ्या शहरातल्या काउंटरांवर साहेबांचाच प्रोग्राम बसणार की नाही, ते तिथे ठरायचं होतं. ताई म्हणाली, "साहेब, त्या चौकशीच्या बाई येणारच असतील ना? त्यांना पहिल्या ओळीत बसवा. त्यांनी एकदा आपल्या बाजूने निकाल दिलाय म्हणे." साहेबांनी टाळीच दिली. "ताई, तुमचं डोकं म्हणजे!" ताई आधीच तो हॉल बघून आली होती. तिथला प्रोजेक्टर म्हातारा होता, लॅपटॉप जोडला की पडदा लहान करून टाकायचा. आणि साहेबांचा लॅपटॉप रोज त्यांच्या टेबलावरच्या भल्यामोठ्या मॉनिटरला जोडलेला असायचा. दाखवायला एखादा नमुन्याचा रोगी भरून दे, असं साहेबांनी सांगितलं. ताईने भरला. एक आजी, दोन डॉक्टर, दोन गोळ्या.

हॉल भरला होता. साहेब कोटात. लॅपटॉप हेल्पलाइनवाल्याने जोडून दिला आणि तो भिंतीशी उभा राहिला. ताई मागच्या ओळीत, मांडीवर पर्स, तोंडावरची माशी हलेना.

साहेब पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बोलत. ही त्यांची लकब. "हे बघा, इशाऱ्यांचं पॅनेल नको असेल तर मिटलं. यादी कशी मोकळी मोकळी! हवं असेल तर एक बटण. झालं हिरवं. आता या आजींची चिठ्ठी भरू. पहिली गोळी. दुसरी गोळी. ही दोन औषधं एकमेकांना घातक आहेत, ते आमचा प्रोग्राम तुम्हाला इथे, लाल अक्षरांत सांगतोय. आंधळ्यालाही दिसावं असं."

पडद्यावर नुसती पांढरी यादी. पहिल्या ओळीत चौकशीच्या बाईंनी चष्मा वर केला. ती दोन औषधं त्या विसरल्या नव्हत्या.

"कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

"हे काय, इथे..." साहेब वळले. बोट हवेतच राहिलं. त्यांनी बटण दाबलं, राखाडी. दाबलं, हिरवं. पुन्हा, पुन्हा. "पॅनेल चालू आहे, बाई. बघा ना, बटण हिरवं आहे."

"बटण मला दिसतंय," बाई म्हणाल्या. "इशारा दिसत नाही."

इथे साहेबांनी पड खाल्ली असती, चुकलं म्हणाले असते, तर कदाचित निभावलंही असतं. पण जित्याची खोड. त्यांनी भिंतीकडे हात केला. "आमच्या या माणसाने मशीन नीट जोडलं नाही. किती वेळा सांगितलं, डोळे उघडे ठेवून काम करा!"

वड्याचं तेल वांग्यावर घालायची सवयच ती. पण या वेळी वांगं बोललं. हेल्पलाइनवाला भिंतीपासून दोन पावलं पुढे आला. आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला. "साहेब, मागच्या वेळी त्या पोरावर ढकललंत. आज माझ्यावर? त्याचा फोन आला होता, बाई. मीच घेतला होता. मीच म्हणालो होतो, बटण हिरवं आहे ना. यांनी मला सांगितलं, आठवत नाही म्हण. यांना सगळं आधीपासून माहीत होतं. आमच्या सगळ्यांसमोर हसत हसत सांगितलंय."

"खोटं!" साहेब ओरडले. "ताई, तुम्ही सांगा."

ताई उठली. गुडघा कुरकुरला, तरी ताठ चालत पुढे गेली. तिने साहेबांच्या हातातून माउस घेतला, बाण पडद्याच्या उजव्या कडेला नेला, तिथली केसाएवढी रेघ पकडली आणि डावीकडे ओढली. पॅनेल उलगडत आलं. लाल अक्षरं, एवढी मोठी: ही औषधं एकत्र देऊ नयेत.

"इशारा पहिल्यापासून इथेच होता, बाई. याची रुंदी शून्य होती," ताई म्हणाली. "मशीनच्या लेखी दिसत होता. माणसाला दिसणं शक्य नव्हतं. साहेबांना आज दिसला नाही, आणि माझ्या भावाला तेव्हा दिसला नाही."

"तुमच्या भावाला?" साहेब म्हणाले.

"हो. तो मऊ पोरगा. ज्याच्या डोक्यावर घातलंत."

साहेबांचं तोंड त्या क्षणी कसं झालं ते ताई आजही मिटक्या मारत सांगते. पाहुण्यांना सांगते, आईला सांगते, नवऱ्याला तर इतकं की तो आता झोपेतही सांगू शकेल. आधी पांढरं पडलं, मग लाल झालं, मग त्यांच्या बटणासारखं राखाडी. कोणी म्हणतं, एवढं कशाला लावून धरायचं. ताई म्हणते, "तुमच्या भावाने एक डोळा झाकून कॅलेंडर वाचलं नाही ना, म्हणून."

चौकशी पुन्हा उघडली. धाकट्याचा दोष पुसला, परवाना परत मिळाला, नोकरीही मिळाली, त्याच हॉस्पिटलात, त्याच्याच खिडकीवर. मंडळाने साहेबांना काम दिलं नाही. वर, ठाऊक असून लपवलं म्हणून ताईने आणि हेल्पलाइनवाल्याने तक्रार केली, ती दाखल झाली. ताईला दुसऱ्या कंपनीत प्रोग्राम दुरुस्त करायची नोकरी लागली. हेल्पलाइनवाल्यालाही तिने तिथेच चिकटवलं, शिव्या देत देत. "तोंड उघडायला एवढा वेळ लावलास," असं ती त्याला अजून ऐकवते, आणि तो ऐकून घेतो.

मग एके सकाळी साहेब ताईच्या दारात. कोट नव्हता. केसांचा रंग उतरून मुळं पांढरी दिसत होती. "ताई, तक्रार मागे घ्या. नजरचूक होती एवढं म्हणा. तुमच्या भावाला त्याचं सगळं परत मिळालंय ना? मग आता मला कशाला संपवता?"

ताईने चपला घातल्या. "चला," ती म्हणाली. "सगळं परत मिळालं का ते बघू."

तिने त्यांना हॉस्पिटलच्या औषधांच्या रांगेत उभं केलं. रांग लांब होती आणि चिडलेली होती. पुढचा एक माणूस म्हणत होता, या खिडकीवर हा पोरगा फार हळू आहे. साहेब मान वर करून बघत होते, आणि ताई त्यांना बघायला लावत होती.

धाकट्याने एका बाईची चिठ्ठी घेतली. औषध भरलं. मग पडद्याच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं, पॅनेल आहे ना ते चाचपल्यासारखं. बोट खाली सरकवत रिकामं पॅनेल वाचलं, काही नाही त्यात, तरी वाचलं. मग गोळ्यांची पाकिटं एकमेकांशेजारी ठेवून नावं पुटपुटला. मग चष्मा काढून पुसला. चष्मा नवा होता आणि त्याला नंबर नव्हता, हे ताईला माहीत होतं. मग पुन्हा पडद्यावर बोट. मग कुठे औषध दिलं. पूर्वी तो "या काका" म्हणायचा. आता काही म्हणत नव्हता.

"प्रत्येक चिठ्ठीला असं करतो," ताई साहेबांच्या कानाशी म्हणाली. "घरी येऊन डोळे मिटून पडतो. हे परत द्या. आज, आत्ता. मी तक्रार आत्ता मागे घेते."

रांग पुढे सरकली आणि त्यांचा नंबर आला. धाकट्याने वर पाहिलं. त्याने त्यांना ओळखलं. चौकशीच्या खोलीत हाच माणूस समोर बसून डोळे उघडे ठेवायला सांगत होता. आता हा ओरडेल, आता रडेल, आता माझ्या इतक्या दिवसांच्या रागाचं सार्थक होईल, असं तिला वाटलं. तोंडावर थुंकला असता तरी तिने त्याचा हात धरला नसता.

साहेबांनी हात जोडले.

"चिठ्ठी?" धाकटा म्हणाला.

"चिठ्ठी नाही. मी..."

"मग बाजूला व्हा," तो म्हणाला. "मागे माणसं उभी आहेत."

साहेब बाजूला झाले. धाकट्याने पुढच्या म्हाताऱ्याची चिठ्ठी घेतली आणि पडद्याच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. ताईने तक्रार मागे घेतली नाही.